शंभर मोजेपर्यंत

जालिंदर पैलवानानं बायकोला तिसऱ्यांदा मोडलं, तेव्हाही तिला उभी करायला बोलावणं मलाच आलं. अठ्ठावन्न साली शिरूरमध्ये बायकांचं अंग चोळणारी मी एकटीच होते. बाळंतीण असो, उसण भरलेली असो, नाहीतर नवऱ्यानं तुडवलेली असो, निरोप एकच यायचा, "अमीरबी, तेल घेऊन या." काय झालंय ते कुणी सांगायचं नाही. पण पायरीवरून पडलेल्या बाईच्या दोन्ही दंडांवर पाच पाच बोटं उमटत नाहीत, एवढी अक्कल मला होती.

नकुशी तिचं नाव. आईबापाला चौथी मुलगी नको होती म्हणून ठेवलेलं, आणि सासरी ते बदलायची कुणी तसदी घेतली नव्हती. पहिल्या खेपेला तिचा खांदा उतरला होता, दुसऱ्या खेपेला बरगडी गेली. या खेपेला ती बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते. पोर रडली, पैलवानाची दुपारची झोप मोडली, म्हणून त्यानं तिच्या कंबरेत लाथ घातली.

मी गेले तेव्हा तिची सासू धुरपदाबाई दारात बसून मेथीच्या जुड्या मोजत होती. घोडनदीच्या काठाला त्यांचा भाजीचा मळा. वीस जुड्यांचा एक ढीग, पाच ढिगांचा शेकडा. ही बाई बोलता बोलता मोजायची, भांडता भांडता मोजायची, पण एक जुडी इकडची तिकडे व्हायची नाही. शिरूरच्या बाजारात तिचा शेकडा कुणी पुन्हा मोजून घेत नसे.

"न्हाणीत घसरली," ती वर न बघता म्हणाली. "आठ दिसांत उभी करा. काढणी अंगावर आलीया."

"तुमच्या न्हाणीला पाय हायती का, धुरपदाबाई? तिच्या कंबरेवर टाच उठलीया."

तिचा हात जुडीवर थांबला आणि पुन्हा चालू झाला. मला तिचा संताप आला. वीस वर्षांपूर्वी याच घरात तिची पाठही मीच चोळली होती. तिची डावीकडची एक बरगडी वाकडी जुळलेली आहे. ती कुणाच्या लाथेनं, ते तिला ठाऊक आणि मला ठाऊक. लाथ घालणारा केव्हाच मेला. आता त्याचा मुलगा होता.

खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या धंद्याची किळस आली. मोडकी बाज विणून द्यायची आणि मालकानं तिच्यावर पुन्हा नाचायचं, हे माझं काम झालं होतं. मी बरी केली नसती तर निदान ती पडून तरी राहिली असती. म्हणून या खेपेला मी तिला नुसतं तेल लावायचं नाही असं ठरवलं.

माझा नवरा शेखलाल, अल्ला त्याला जन्नत देवो, लढाईच्या दिवसांत नगरच्या छावणीत दवाखान्याची झाडलोट करायचा. तिथं कोंडलेल्या जर्मनांत एक हाडकुळा माणूस होता. तो रोज चटईवर पडून कसरत करायचा, खाटेच्या स्प्रिंगा काढून पायानं ताणायचा. त्याचं नाव शेखलालला मरेपर्यंत धड घेता आलं नाही, पण कसरत त्यानं बरोबर उचलली आणि मला शिकवली. जोर नाहीत, बैठका नाहीत. उताणं पडायचं, पाठ भुईला चिकटवायची, बेंबी आत ओढायची, पाय वर धरायचे आणि दोन्ही हात खालीवर हलवत मोजायचं. पाच आकडे श्वास आत, पाच आकडे बाहेर, असं शंभरपर्यंत. आम्ही तिला शंभरी म्हणायचो. ती जमली की पोटाचा पट्टा होतो आणि पाठीला दुसरा टेकू लागत नाही.

सव्वा महिना नकुशीला मी नुसता श्वास शिकवला. कंबर सुटली तसे पाय उचलायला लावले. बाईची मालिश चालू असताना बाप्यानं खोलीत यायचं नाही, हा रिवाज घरोघरचा. त्यात मी माझी एक पुडी सोडून दिली. "अंगावर तेल असताना बाईला वलांडलं, तर वलांडणाऱ्याची ताकद त्या तेलात उतरती." हे मी तालमीतूनच उचललं होतं. मालिशीला पडलेल्या गड्याला तिथं कुणी ओलांडत नाही. पैलवान माणूस देवाला भिणार नाही, पण असल्या गोष्टीला भितो. सव्वा महिन्याची मालिश मी तीन महिने लांबवली आणि रोजचा एक तास ती खोली नकुशीची झाली.

त्या तासात तिनं माझं कामही उचललं. तेल किती कोमट हवं, अंगठा कुठं दाबायचा, कुठं मुळीच दाबायचा नाही, सगळं. हात इतका गोड की माझाच गुडघा तिनं बरा केला.

"माझी नणंद इमामबी दौंडला रेल्वेच्या चाळीत बायकांना चोळती," मी तिला म्हणाले. "थकलीया आता. तिला जोडीदारीण पायजे. तू जा."

"मावशी, मागल्या साली गेले हुते न्हवं? यष्टीत पाय ठेवला आन् त्यानं झिंजा धरून खाली वढली. भरल्या बाजारातनं फरफटत आणली. एक माणूस मधी पडलं न्हाई." तिनं पाळण्याकडं बघितलं. "आता घावले तर दोघी मरू."

चूक माझी झाली. शेकाचा धूर कोंडला म्हणून एका दुपारी मी खिडकी उघडी टाकली. जालिंदर कासुर्डीच्या जत्रेतून नुकताच आला होता. तिथं दौंडच्या इंजनावरच्या एका कोळसेवाल्यानं त्याला चारीमुंड्या चीत केलं होतं, हजार माणसांदेखत. अंगणातून त्याला खिडकीतनं दिसलं, आपली बायको पाय वर धरून आकडे मोजतेय.

त्यानं लाथेनं दार तोडलं. कडी उडून माझ्या कपाळाला लागली.

"तालीम करतीस? माज्यासंगं कुस्ती धरायची हाय?"

मी आडवी गेले. त्यानं मला केसांना धरून भिंतीवर आपटलं. दात पडला, तोंडात रक्ताची गुळणी झाली. तेलाची वाटी त्याच्या पायानं उडाली आणि तेल भुईभर पसरलं. पोर किंचाळायला लागली. नकुशी उठेपर्यंत तो तिच्यावर आला, एक पाय अलीकडं, एक पाय पलीकडं, आणि वाकून त्यानं दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. तिचे डोळे पांढरे झालेले मी पाहिले. मग तिनं बेंबी आत ओढलेली पाहिली. गुडघे छातीशी आले आणि तिनं दोन्ही टाचा त्याच्या पोटात घातल्या.

तो मागे गेला. पाय तेलावरून निसटला आणि पाठ जात्याच्या दगडावर आदळली. त्याच्या तोंडून निघाली तसली किंकाळी मी बाळंतिणीच्या खोलीतही ऐकली नव्हती. उठायला गेला आणि बोंबलत पालथा पडला.

धुरपदाबाई धावत आली. "माजं लेकरू! अमीरबी, पाया पडते, बघा की!"

तिला मी मीठ गरम करायला पाठवलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. हाड शाबूत होतं. मणक्याशेजारची शीर आखडली होती, बाकी काही नाही. एक गुडघा टेकवून हिसका दिला असता तर पाचव्या मिनिटाला उभा राहिला असता. तो भुईत तोंड खुपसून बोलत होता, "नुसता उठू दे मला. नदीत बुडवतो तुला. पोरीसकट."

माझा अंगठा मणक्याच्या फटीत होता. तिथं उलटं दाबलं तर माणूस जन्मभर अंथरुणात हगतो. मी साधुसंत नाही. मी जोर द्यायला सुरुवात केली होती.

नकुशीनं माझं मनगट धरलं. तिच्या गळ्यावर दहा बोटं लाल उठली होती, आवाज फुटत नव्हता. कानाशी येऊन ती म्हणाली, "मोडू नगा, मावशी. ह्या हातानं न्हाई. बसवा त्येला. पर आदी मला जाऊ द्या."

तिनं पोर छातीशी बांधली, एक लुगडं घेतलं आणि मागच्या दारानं गेली. तिथं चूल होती आणि चुलीपाशी सासू. मी कान टवकारून राहिले. हाक येईल, आरडाओरडा होईल. काहीच आलं नाही.

दौंडच्या यष्टीची वेळ झाली होती, पण सडक मळ्यापासून लांब होती.

"पैलवान," मी म्हणाले, "तेल वलांडलंत तुमी. ताकद उतरलीया. शंभर मोजस्तवर अंग हलवायचं न्हाई. मधीच उठलात तर कायमचे लुळे."

तो घाबरला. एवढा मोठा गडी, पण भुईला चिकटून पडला. मी मोजायला सुरुवात केली, दर आकड्याला एक श्वास. वीस झाले. चाळीस झाले. धुरपदाबाई मिठाची पुरचुंडी घेऊन आली आणि उंबऱ्यात बसली. तिनं नकुशीची रिकामी जागा बघितली, रिकामा पाळणा बघितला. आता ही बाई ओरडणार आणि हा पाठ विसरून धावणार. साठ. ऐंशी. यष्टीचा आवाज अजून नव्हता.

सत्त्याण्णव. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव.

"अमीरबी," धुरपदाबाई म्हणाली, "तुमचं चुकलं."

माझं चुकलं नव्हतं.

"आये, झालं की शंभर," जालिंदर भुईतून कण्हला.

"गप पड," ती म्हणाली. तिचा हात डाव्या बरगडीवर होता. "मोजणी मला शिकवू नगंस. अमीरबी, फिरून एकापासनं मोजा. सावकाश."

मी पुन्हा एक म्हणाले.