हरभऱ्याभोवतीची तार

मोटार आपोआप सुरू झाली तेव्हा मंजुषाला आधी आनंदच झाला. पाइपातून पाणी भकाभका पाटात पडू लागलं, ओल्या मातीचा वास आला, आणि तिने चहाची कपबशी बाजूला ठेवून पाय सरळ पाटात सोडले. पुण्याहून ती निलंग्याकडच्या या शेतातल्या माहेरी शिवरात्रीसाठी आली होती. सण होऊन गेला तरी हललीच नव्हती. आंब्याला मोहोर, बांधावरचा पळस नुसता पेटलेला, सकाळचा गारवा. असलं सुख सोडून परत कोण जातंय?

शिवाय लेक अंजू इथे रमली होती. शिवरात्रीला मठाच्या स्वामींनी लिंगायत रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात लिंगाची डबी बांधली, आणि तेव्हापासून आजी मल्लम्मा तिला रोज पूजेला बसवत होती. "लिंग तळहातावर घेतलं की हाय तिथं मांडी घालायची. डोळे मिटायचे. मी शरणु म्हणीपर्यंत उठायचं न्हाई." कुणाच्या बापाचं न ऐकणारी ही पोरगी आजीचं मात्र ऐकायची. काल तर लिंग घेतलेला आजीचा हात डोळ्यांसमोर गेलेला दिसला आणि बाईसाहेब दारातच मांडी घालून बसल्या. दुधाची चरवी घेऊन आलेला मामा ताटकळत उभा.

तो मामा, म्हणजे मंजुषाचा धाकटा भाऊ रविकिरण, आता गोठ्यातून बाहेर आला. पाण्याकडे बघितलं आणि त्याच्या हातातली वैरण खाली पडली.

"आक्का, आज वार कोण हाय?"

"सोमवार. का रे?"

"आजपासून दिवसाची लाईट की!" त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "अंजू कुठं हाय?"

"पळसाची फुलं आणायला गेली. होळीचा रंग करायचाय म्हणे."

"आक्का, हरभऱ्याला तार हाय. रानडुकरासाठी. मोटारीच्या पेटीतूनच जोडलीया."

शेताला वीज एक आठवडा रात्री, एक आठवडा दिवसा. डुकरं यायची रात्री, आणि उजाडायच्या आत लाईट आपोआप जायची. म्हणून रात्रीच्या पाळीत या शहाण्याने तार पेटीतून कधी सोडवलीच नव्हती. आज पाळी बदलली, आणि बहिणीच्या कौतुकात तो ते विसरला. तार घरातल्या सगळ्यांना माहीत होती. पाहुणीला सांगावं हे एकाच्याही डोक्यात आलं नाही; दिवसा तिला काय होतंय!

"मी पेटीकडं पळतो. तू तिला हाक मारू नकू! हाक मारलीस की येईल ती सरळ तारेवर!" आणि तो विहिरीकडे धावत सुटला. विहीर शेताच्या पार दुसऱ्या टोकाला.

मंजुषा अनवाणीच हरभऱ्यापर्यंत पळाली आणि तारेच्या अलीकडे थबकली. गुडघ्याएवढ्या उंचीवर तार उन्हात चमकत होती. मध्ये हिरवागार हरभरा, पलीकडे पुन्हा तीच तार, आणि तिच्यापलीकडे पळसाखाली पाठमोरी अंजू, फ्रॉकच्या ओच्यात फुलं भरत होती. जाताना वीज नव्हती, म्हणून वाकून सुखरूप गेली होती. मागे पाणी खळखळत होतं. मघाशी गोड वाटलेला तो आवाज आता मंजुषाला ऐकवेना. पाणी पडतंय म्हणजे तार जिवंत आहे.

'थांब' म्हणून ओरडावं? पण दोन दिवस मामा-भाचीचा खेळच तो: मामाने 'थांब' म्हणायचं आणि हिने पळायचं. मंजुषाने स्वतःचं तोंड हाताने दाबून धरलं. इतकी भीती तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

अंजू वळली. "आई! बघ केवढी!" आणि ती तारेकडे निघाली.

मंजुषा ढेकळांवर मटकन बसली. मांडी घातली. आपल्या गळ्यातली लिंगाची डबी काढली. झाकण निघेना. निघालं. लिंग डाव्या तळहातावर घेऊन तिने हात डोळ्यांसमोर धरला, आजी धरायची तसा. डोळे मात्र तिला मिटता आले नाहीत.

अंजू थबकली. या वेळी कसली पूजा, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ओचा सुटला, फुलं सांडली, आणि ती होती तिथं खाली बसली. तारेपासून हातभर अंतरावर.

वारा सुटला. फ्रॉकची कड उडायची, तारेकडे जायची, परत यायची. मंजुषाला एकही मंत्र आठवेना. बसून राहा गं बाई, बसून राहा, एवढंच ती मनात म्हणत होती. पाणी पडतच होतं.

मग आवाज बारीक झाला. थांबला.

"लाईट काढली! आक्का, काढली!" रविकिरण लांबून ओरडत आला. मंजुषा हलली नाही. तिचा त्याच्यावर विश्वासच उरला नव्हता. ते त्यालाही कळलं असावं, कारण तो धापा टाकत समोर आला आणि त्याने तार मुठीत गच्च धरली. बहिणीकडे बघत तसाच उभा राहिला; डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

तेव्हा कुठे ती उठली. तार ओलांडली, हरभरा तुडवला, पुन्हा तार ओलांडली. अंजू डोळे घट्ट मिटून बसली होती, इवलासा तळहात पुढे धरून.

"आई," ती कुजबुजली, "शरणु म्हण ना. उठू का?"

"नको," मंजुषा म्हणाली.

तिने लेकीला मांडी घातलेली तशीच उचलली. रविकिरण वेड्यासारखा खुंट्या उपटत होता. सगळी तार गुंडाळून होईपर्यंत तिने पोरीचा पाय जमिनीला लागू दिला नाही.