दोन दातांमधली फट

डागनीकाकूंनी तोंडातली कवळी काढली, रुमालाने पुसली आणि विबेकेच्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "परत घे बाई. तुझी काही चूक नाही."

विबेके चाटच पडली. डेन्मार्कमधल्या जटलंडच्या त्या कोळ्यांच्या गावात ती सव्वीस वर्षं कवळ्या करत होती, आणि इतकी देखणी कवळी तिच्या हातून क्वचितच झाली होती. टोचते का, हलते का, तिने खोदून खोदून विचारलं. काकू नुसती मान हलवत राहिल्या. शेवटी खाली बघत बोलल्या, "एयनर मला ओळखत नाही."

एयनर म्हणजे काकूंचा नवरा. दोन वर्षं वृद्धाश्रमात होता. स्वतःच्या होडीचं नावसुद्धा विसरला होता, पण बायको दारात येऊन हसली की त्याला पटकन ओळख पटायची. काकूंचे जुने दात काढून नवे बसवले, तेव्हापासून मात्र तो रोज अदबीने सांगायचा, "बाई, ही खुर्ची सोडा. माझी बायको येईल आता."

"मग जुन्यासारखेच हवेत असं आधी का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या हौसेने करत होतीस. माझ्यासाठी कशाला आणखी त्रास."

घ्या आता! या गावच्या माणसांना स्वतःसाठी काही मागायचं म्हणजे जिवावर येतं. 'सरळ करू ना?' असं विचारल्यावर काकू 'तुला बरं वाटेल तसं' म्हणाल्या होत्या, आणि विबेकेने ते खरं धरलं होतं. तिथेच जन्मलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं.

काकूंनी पर्समधून फोटो काढला. धक्क्यावर मासळीच्या पेट्यांवर बसलेली तरुण डागनी, खदाखदा हसणारी. पुढच्या दोन दातांत फट, आणि शेजारचा दात तिरका, गर्दीतून वाट काढणाऱ्यासारखा.

विबेकेला एकेकाळी मूर्ती घडवायच्या होत्या. कोपनहेगनच्या कलाशाळेने दोनदा नाकारलं, म्हणून पोटासाठी ती या धंद्यात आली. हात चालायचे, मन काही कामात नसायचं. त्या दिवशी तिने दाराला 'बंद' पाटी लावली, फोटो समोर टेकवला आणि मेणात एकेक दात बसवू लागली. बसवला, काढला, पुन्हा बसवला. फट केसभर वाढली तरी बाई दुसरीच दिसायची. जेवायचं राहिलं, हे तिला संध्याकाळी आठवलं.

नवी कवळी घालून काकू वृद्धाश्रमात निघाल्या, तेव्हा त्यांनी विबेकेलाही ओढत नेलं. एयनर खिडकीशी बसला होता. काकूंना धसक्याने हसूच फुटेना. तेवढ्यात पायपुसण्यात पाय अडकून विबेके धडपडली, आणि काकू फिस्सकन हसल्या.

एयनरने मान वळवली. बराच वेळ बघत राहिला. मग शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"किती उशीर केलास गं."

काकू बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हिने केलेत माझे दात."

एयनरने निरखून पाहिलं. "वाईट नाहीत," म्हणाला.

त्या किनाऱ्यावर याहून मोठी शाबासकी कुणी देत नाही. विबेकेचे डोळे भरून आले. इतकी वर्षं माणसं तिच्या हाती आपला चेहरा सोपवत होती, आणि काकू परत आल्या नसत्या तर तिला ते कधी कळलंच नसतं. काकूंचे उपकार कसे फेडावेत, तिला सुचेना. ती उठून तिघांसाठी कॉफी ओतू लागली. तिच्या कोटाच्या खिशात ती देखणी, सरळ दातांची कवळी रुमालात गुंडाळलेली होती. आता ती कुणाचीच नव्हती.