चार मजल्यांचं अंतर

अर्धांगवायूचा झटका आल्यावर ड्रायव्हरकाका दवाखान्यातून घरी न येता थेट शुश्रूषा केंद्रात गेले. घर चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीची लिफ्ट बंद. स्वस्त भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेचे साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." त्याला अकरा महिने झाले.

काकू घरीच कपडे शिवायच्या. दिवसाआड दोन बस बदलून काकांना भेटायला जायच्या. एरवी मशीनवर बसलेल्या असताना जिन्यात कुणाची जड पावलं वाजली, की त्यांचे पाय आपोआप थांबत. पावलं पुढे निघून जात. मग टीप वाकडी गेलेली असे, ती उसवायची.

"अगं, पंखा अजून कुरकुरतो का?" काका दर भेटीत विचारायचे.

"कुरकुरतो. तुम्ही या आणि तेल घाला."

साहेबांकडे हेलपाटे घालून चपला झिजल्या. शेवटी शेजारीण म्हणाली, "अशा संस्थांवर सरकारने आता नियामक नेमलाय. तिथे लिहा की!" काकूंनी मापांच्या वहीतलं पान फाडून लिहिलं : लिफ्ट बंद आहे म्हणून माझे मिस्टर केंद्रात अडकलेत, मी वर. आम्हाला एका घरात राहायचं आहे.

तीन आठवड्यांनी तपासनीस बाई आल्या. साहेबांनाही त्यांनी जिना चढायला लावला. वर पोचेपर्यंत साहेबांना बोलवेनासं झालं.

"लिफ्टचा सुटा भाग... मिळत नाही हो."

"कितीदा मागवलात? कागद दाखवा."

फाइलमध्ये कागद एकच निघाला, दहा महिन्यांपूर्वीचा.

"नव्या कायद्याने तुम्हाला तीस दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "नाहीतर काम आम्ही करून घेऊ, खर्च तुमच्याकडून. वर दंड." मग काकूंकडे वळून हळूच विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

काकू रात्रभर घोकलेलं सगळं विसरल्या. "त्यांची उशी मी रोज उन्हात घालते," एवढंच त्या बोलल्या.

सव्विसाव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली. चाकांच्या खुर्चीतून काका घरी आले. भिंतींवरून, मशीनवरून, काकूंवरून त्यांची नजर फिरत राहिली. दुपारी दोघं पोटभर जेवली.

पाच वाजले तसे काका घड्याळाकडे बघून गडबडीने म्हणाले, "ऊठ, नीघ आता. भेटायची वेळ संपली, नर्स ओरडेल."

काकूंना हसू आलं आणि पुरतं येईना. त्यांनी आपली खुर्ची काकांच्या खुर्चीला चिकटवली आणि तिथेच बसून राहिल्या.