घासलेली रायफल

"ही घासली कोनं?" गोणपाट उलगडता उलगडता ओमप्रकाश शेठचा हात थांबला.

"मीनंच जी," भागाबाई हरखून म्हणाली. "नळीले चिंच लावली, लाकडाले राख. पाहा, कशी लखलखून राह्यली!"

रायफल दुकानाच्या दारातल्या उजेडात धरून शेठनं नळीवरून बोट फिरवलं. बनवणाऱ्याचं नाव, त्याभोवतीची वेलबुट्टी, सगळं पुसट झालं होतं.

रायफल भागाबाईच्या बापाची. गोमाजी हा कारंज्याकडच्या रानातला गोंड शिकारी. तिथल्या जमीनदार मालगुजारानं खूश होऊन ही विलायती वस्तू त्याला दिली होती, परवानाही काढून दिला होता. पुढं मालगुजारी गेली आणि यंदा पोळ्याच्या सुमारास गोमाजीही गेला. त्याला मुलगा नव्हता, म्हणून रायफल लेकीकडे आली. पण परवाना बापाच्या नावाचा. ठाणेदारानं सांगितलं, घरात ठेवता यायची नाही, वर्ध्याच्या बंदुकांच्या दुकानात विकून टाका. तेव्हा भागाबाईनं एकच हट्ट धरला. जाते तर जाऊ दे, पण वाजवी किमतीनं जावी. बाची वस्तू कोणी मातीमोल नेऊ नये. म्हणून, पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर पोरीला न्हाऊ घालावं, तशी तिनं ती घासून काढली होती.

"शेठजी, तुमीच तर आमच्या सासऱ्याले दोनशे देतो म्हणले होते," तिचा नवरा कवडू म्हणाला.

"म्हणलो होतो. तवा ही जुनी होती. आता ना जुनी, ना नवी. शंभर देईन."

"शंभर! अन् घासून किंमत कमी झाली? आमच्याकडं तं भांडं घासलं का वाढते!"

"मंग भांड्यावाल्याकडं जा ना, भाऊ."

कवडू बायकोकडे वळला. "म्या म्हणलं नव्हतं, राहू दे म्हून? पन तुले लय हौस!"

भागाबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. "शेठजी, दस्त्यावर एक काळा डाग होता. लय मेहनतीनं काढला जी. तो बी राहू द्याचा होता?"

शेठनं भिंतीवरची एक जुनी बंदूक उतरवून तिच्यापुढं ठेवली. तिच्या दस्त्यावर तळहाताएवढी जागा काळसर, तुकतुकीत झाली होती.

"नेम धरताना गाल इथं टेकते, बाई. घाम मुरते, तेल मुरते. एका मानसाचा जलम गेला का मंग असा रंग चढते. कोन्या पालिसानं नाई येत."

भागाबाई त्या जागेकडे बघत राहिली. आई लहानपणीच गेलेली. बा मचाणावरून सकाळी यायचा, तेव्हा ती दारात उभी असायची. तो आधी रायफल पुसायचा, खुंटीला लावायचा आणि मग तिच्याकडे बघून, "जेवली का वं?" एवढंच विचारायचा. त्यानं तिला कधी जवळ ओढलं नाही. रायफलीला मात्र तो गाल लावायचा. पोरवयात तिला त्या लाकडाचा हेवा वाटायचा.

तिनं वाकून आपल्या रायफलीच्या दस्त्याला नाक लावलं. राखेचा वास आला.

"दीडशे तरी करा," कवडू म्हणत होता. "इतक्या दुरून आलो आमी."

"देऊन टाका," भागाबाई म्हणाली.

"अवं, पन शंभरात?"

"देऊन टाका म्हणलं ना."

शेठ पैसे काढायला आत वळला. भागाबाईनं पुढ्यातल्या त्या जुन्या बंदुकीकडे बोट केलं. "अन् ही कोनाची जी?"

"होता एक म्हातारा, केळझरकडचा. मेला."

"त्याले लेकरंबाळं?"

"काय मालूम, बाई."

कवडू नोटा मोजून घेऊ लागला. भागाबाईनं पदराला हात पुसला आणि त्या काळसर जागेवर अलगद ठेवला. लाकूड गुळगुळीत होतं. बंदूक परत टांगायची म्हणून शेठ पुढं आला, पण तिचा हात पाहून थांबला आणि उगाचच गल्ल्याकडे वळला.