शाळेतलं पहिलं वेल्डिंग

लोहारानं लालभडक फाळ पाण्यात बुडवला तेव्हाच हेडमास्तर दुकानात शिरले. रुमालानं मान पुसत म्हणाले, "बुवा, हा फाळ, त्या बिजागऱ्या, ती खिडकीची जाळी, सगळं उद्या सकाळी शाळेत पोचवा."

"शाळा नांगरायला काढली की काय, गुरुजी?"

"मांडायचंय हो. वरून साहेब येताहेत वर्कशॉप बघायला. पोरांनी बनवलंय म्हणून सांगू."

"कुठल्या पोरांनी?"

"तुमचीच पोरगी आहे की त्यात. तिला पुढं उभी करू. नाही तरी ती जाळी तिनंच केलीय ना?"

जाळी तिनंच केली होती, पण बापाच्या दुकानात, बापाच्या मशीनवर. शाळेतल्या वर्कशॉपचं म्हणाल तर दोन वर्षांपूर्वी फीत कापली, फोटो निघाले, पेढ्यांचे कागद मैदानभर उडाले आणि खोलीला कुलूप लागलं. आत वेल्डिंगची चार मशीनं, चारही प्लास्टिकमध्ये. शिकवायला एक मास्तर आला, त्यानं फळ्यावर खडूनं मशीन काढलं. पोरांनी ते वहीत उतरवलं. अख्ख्या वर्गाचं वेल्डिंग वहीतच झालं. 'कधी चालू करणार' असं कुणी विचारलं की हेडमास्तर म्हणायचे, वापरलं की खराब होतं.

"आणि नाही पाठवलं सामान तर?" लोहारानं विचारलं.

"पोरीच्या वेल्डिंगच्या दाखल्यावर माझी सही लागते, बुवा. मी काय वेगळं सांगू?"

वेगळं सांगायची गरजच नव्हती. त्या दाखल्यावर पोरीला शहरातल्या ट्रेनिंग सेंटरात जागा मिळणार होती. राहणं सरकारी, जेवण सरकारी. लोहार भट्टीच्या राखेत थुंकला आणि सामान गाडीवर चढवायला लागला.

पोरगी कोपऱ्यात रॉड मोजत होती. म्हणाली, "आबा, मी खोटं बोलणार नाही."

"बोलू नकोस. नुसती उभी राहा. पुतळे उभे राहतातच की."

दुसऱ्या दिवशी ऊन असं होतं की मैदानातल्या मातीला पडलेल्या भेगांत चप्पल अडकत होती. साहेब आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी वर्कशॉपच्या खोलीत टेबलावर मांडलेली जाळी पाहिली, फाळ उचलून पाहिला. "छान. कुणी केली ही जाळी?"

"मी," पोरगी म्हणाली.

"शाब्बास. मग एक जोड मारून दाखव की."

हेडमास्तर मध्ये पडले. "लाईट गेलीय, साहेब. आत्ताच गेली."

समोर ऑफिसात पंखा घरघरत होता. साऱ्यांनी तो ऐकला आणि साऱ्यांनी न ऐकल्यासारखं केलं. पोरीनं मात्र खिशातून पेचकस काढला आणि भिंतीवरच्या स्विचबोर्डापाशी गेली. लोहार 'अगं' म्हणेपर्यंत तिनं पहिला स्क्रू काढलासुद्धा. चारच होते. बोर्ड तिच्या हातात आला.

मागं कोरी भिंत. ना पाइप, ना वायर. चुन्यावर एक वाळकी पाल चिकटली होती, तेवढीच काय ती. दोन वर्षं बोर्ड भिंतीला नुसता टांगलेला होता.

साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला. मग म्हणाले, "तुला उघडायला कुणी सांगितलं?"

लोहाराला वाटलं होतं, आता साहेब हेडमास्तरांना धरतील. साहेबांनी वही धरली. उभ्या उभ्या लिहिलं आणि वाचून दाखवलं. वीज नाही म्हणजे प्रॅक्टिकल नाही. प्रॅक्टिकल नाही म्हणजे या वर्गाचे दाखले रद्द. खोली आजच्या आज बंद.

"आणि बोर्ड लावणारा?" लोहारानं विचारलं.

"त्याची चौकशी होईल."

"मग पोरांचं?"

"पोरांची कशाला चौकशी?"

त्या माणसाला प्रश्नच कळला नव्हता. पोरगी खाली बघत होती. हातातला बोर्ड तिनं कुठं ठेवावा हेही तिला सुचत नव्हतं.

साहेबांना कुलपाचा भरवसा नव्हता, किल्ल्या फार हातांत फिरतात म्हणाले. लोहारालाच सांगितलं, कडी लोखंडी दाराला वेल्ड करून टाका. मग दुकानातून गाडीवर लोहाराचं जुनं मशीन आलं. लाईट? हेडमास्तरांच्या ऑफिसातून वायर ओढली. चाळीस पावलं अंतर. दोन वर्षं जी वीज पोरांपर्यंत पोचली नाही, ती दार बंद करायला दोन मिनिटांत पोचली.

लोहारानं वेल्डिंगचा होल्डर उचलला आणि कडीपाशी बसला.

"द्या इकडं," पोरगी म्हणाली. तिनं काळी काच डोळ्यांसमोर धरली. ठिणग्या उडाल्या. वर्गातली पोरं खिडक्यांतून बघत होती. त्या शाळेतलं ते पहिलं वेल्डिंग.

साहेबांनी काम लांबूनच पाहिलं, सही ठोकली, गाडीत बसले. धूळ खाली बसल्यावर लोहार कडीपाशी वाकला. तीस वर्षांची नजर त्याची. जोड भरलेलाच नव्हता. दोन ठिपके टेकवले होते फक्त, वरून पॉलिश मारल्यासारखे. एक लाथ बसली की दार उघडणार.

त्यानं पोरीकडे पाहिलं. "असं काम मी शिकवलं तुला?"

"नाही आबा," केबल गुंडाळत ती म्हणाली. "हे तेवढं शाळेत शिकले."