उजवी बाजू

बाबांच्या उजव्या डोळ्याची बाहुली पूर्ण गोल नाही. खालच्या कडेला ती किंचित ओढल्यासारखी आहे, आणि तिच्या आतला पांढरेपणाही सगळीकडे सारखा नाही. मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या फिकट रेषा त्यात आहेत, पाकळ्यांसारख्या. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर डोळा मोठा करून दाखवला तेव्हा हे मला पहिल्यांदा नीट दिसलं. लहानपणापासून मला तो नुसता पांढरा वाटत आला होता.

"मार लागला की डोळ्यातलं भिंग असं होतं," त्या म्हणाल्या. "कशाचा लागला होता?"

"खुर्चीच्या पायाचा," बाबा म्हणाले.

"नीट सांग ना, दादा," आत्या म्हणाली. "त्यांना वाटेल, वहिनीने खुर्ची फेकून मारली."

बाबा कातारी. यंत्रावर गरगर फिरणाऱ्या लाकडाला पटाशी लावून ते खुर्च्यांचे पाय, पलंगाचे खूर, कठड्यांचे खांब कातायचे. दुकान घराला लागूनच होतं. शाळेतून आले की मी तिथे जाऊन बसायचे. पटाशीवरून लाकडाच्या कुरळ्या साली उतरत, त्या मी डूल म्हणून कानांवर अडकवायचे. बाबा यंत्र थांबवून पाय काढत, डोळ्यासमोर धरत, एक डोळा मिटून त्याचा बाक बघत आणि मान डोलवत. मला वाटायचं, ते लाकडाला डोळा मारतात.

एकदा खुर्चीचा पाय कातताना फिरत्या लाकडातली गाठ निखळली आणि थेट डोळ्यावर बसली. डोळा काळानिळा झाला, सुजला, मग सूज उतरली. रक्त नव्हतं, जखम नव्हती. बाबा पुन्हा कामाला लागले. आत भिंग हळूहळू पांढरं होत होतं, पण त्यांना ते कळलंच नाही. बाक बघताना ते जन्मभर उजवाच डोळा मिटत आले होते. एरवी डावा दोघांचंही काम उरकत होता.

ध्यानात आलं ते आईच्या. खिडकीपाशी सुईत दोरा ओवताना तिने समोर उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं. "अहो, डोळ्यात भुसा गेलाय. चोळू नका, थांबा."

बाबा वाकले. तिने पापण्या धरून फुंकर मारली. मी दोघांच्या मधे डोकं घालून बघत होते.

"गेला?"

"नाही."

तिने पुन्हा फुंकर मारली. नंतर पापण्या सोडल्या नाहीत, पण फुंकर मारायची ती थांबली.

तेव्हाच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. बाबा म्हणाले, हातातलं काम होऊ दे. मग म्हणाले, पोरीचं शिक्षण होऊ दे. पुढे कारण द्यायचंही सोडलं, कारण डावा डोळा शाबूत होता आणि उजव्या बाजूला आई आली होती. रस्त्याने ती कायम त्यांच्या उजवीकडून चालायची आणि हलकेच सांगत राहायची. "पायरी." "सायकल." "शेजारचे येतायत, हसा." बाबा लगेच समोर बघून हसायचे, आणि तिथे असायचा विजेचा खांब. मी लाजून चार पावलं मागे राहायचे. आता वाटतं, जवळून चालायला हवं होतं. ती दोघं आणखी काय काय बोलायची ते ऐकायला मिळालं असतं.

आई गेल्यापासून बाबा भिंत उजवीकडे ठेवून चालतात.

आता डावाही वयाप्रमाणे धूसर झाला आहे. म्हणून आम्ही इथे आलो होतो. डॉक्टरीणबाईंनी डावा झाकून उजव्यावर चहूबाजूंनी बॅटरीचा प्रकाश टाकला. "कुठून येतोय?" बाबांनी प्रत्येक वेळी अचूक बोट दाखवलं. सोनोग्राफीत डोळ्यामागचा पडदाही जागच्या जागी दिसला.

"डाव्याचा मोतीबिंदू साधा आहे," त्या म्हणाल्या. "पण तो तुमचा एकुलता एक डोळा. त्यात काही बिघडलं, तर हाताशी काहीच नाही. उजवा आधी केला, तर कदाचित जोडीला दुसरा मिळेल. कदाचितच म्हणते मी. माराने पडद्याच्या मध्यावर व्रण पडला असेल, तर भिंग बदलूनही फारसं दिसणार नाही. ते पांढरं काढल्याशिवाय कळायचं नाही."

"बाहेर बसून विचार करतो," बाबा म्हणाले.

"इतकी वर्षं काय करत होतास मग?" आत्या म्हणाली, आणि चहा आणायला गेली.

बाहेरच्या बाकावर मी त्यांच्या डावीकडे बसले.

"बाबा, उजव्याला घाबरताय?"

"दुखण्याला नाही घाबरत." ते गुडघ्यावर अंगठा चोळत राहिले. "तुझी आई त्या बाजूला असायची. तिला बघावं लागायचंच नाही, ती असायचीच. अजूनही मला तसंच वाटतं. आता तिथलं दिसायला लागलं, आणि मोकळं दिसलं तर?"

"दिसेल की नाही, हेच तर माहीत नाही," मी म्हटलं.

"शास्त्र शिकवलं तुला, आता भोगतो," ते म्हणाले आणि हसले.

तेवढ्यात आत्या आली. उजवीकडून आली, न बोलता, आणि कप त्यांच्यापुढे केला. त्याच वेळी बाबांनी माझ्याकडे वळताना कोपर हलवलं. सगळा चहा तिच्या हातावर गेला.

"अगं आई गं!"

"कोण? कोण आहे?" बाबा दचकून उठले. वाट चुकलेल्या माणसासारखे ते हवेत हात फिरवत होते.

"मीच रे. बस, काही नाही झालं." तिचा हात लालबुंद झाला होता. मी तिला नळाकडे नेऊ लागले, तर तिने आधी त्यांना खांद्याला धरून बसवलं. एरवी तिने चांगलं तासलं असतं. "वहिनीने आधी आवाज दिला असता," ती म्हणाली. "मला नाही रे तिच्यासारखं जमत."

"कुणालाच नाही जमणार," बाबा हळूच म्हणाले.

नळावरून आम्ही परत आलो, तेव्हा बाक रिकामा होता. बाबा एकटेच तपासणीच्या खोलीच्या दारात उभे होते, चौकट धरून.

"या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय ठरलं?"

"उजवा आधी करा," बाबा म्हणाले. "ते पांढरं काढून टाका. मागे काय असेल ते असेल."