भट्टीवर वाचलेली गोष्ट

मी बोलतेय, झुबैदाची पावाची फळी. सफ्रू गावातल्या जुन्या गल्लीत राहते. जन्माने देवदार. झुबैदाच्या हाताखाली आले तेव्हा तिचे केस काळे होते.

रोज ती कणीक मळायची, गोल पाव माझ्यावर मांडून फडकं झाकायची आणि तिची भाची वियाम मला डोक्यावर घेऊन सामाईक भट्टीवर न्यायची. साठ घरांची एकच भट्टी. पाव भाजून होईपर्यंत सगळी गल्ली तिथे उभी.

सतरा वर्षांची वियाम युवा केंद्रातल्या लेखनवर्गाला जाऊ लागली आणि चालता चालता वाक्यं पुटपुटू लागली. मनासारखा शब्द सापडला की तिची चालच बदलायची. वर बसून मी थक्क व्हायचे. माझ्यावर नुसती कणीक फुगायची. हिच्या डोक्यात माणसं जन्माला येत होती!

गल्लीतल्या म्हाताऱ्यांना मात्र वर्ग भरायचा त्या खोलीत पत्ते खेळायचे होते.

"पोरी लिहून काय दिवे लावणार?" त्यांचे पुढारी, हज करून आलेले हाज कद्दूर म्हणाले. "गुरुवारी पोरींच्या गोष्टी ऐकायला गल्ली आली तर वर्ग राहील. नाहीतर खोली आमची."

"येईल कशी?" वियाम उसळली. " तुम्हीच घरोघरी जाऊन नको म्हणून सांगताय!"

"जीभ बघा कारटीची!"

गुरुवारी खोलीत वर्गातल्या पोरींशिवाय चिटपाखरू नव्हतं. वियाम तडक घरी आली, पावांसकट मला उचललं. "गल्ली येत नाही ना? मग गल्ली उभी असते तिथे जाऊ."

पाव तिने भट्टीवाल्या अल्लालकडे दिले, कागद माझ्यावर ठेवले आणि सगळ्यांसमोर वाचू लागली. गोष्ट एका बाईची होती. वर्गात पहिली येणारी. भावांना पाव करून घालायला बाराव्या वर्षी घरी बसवलेली. ती पहाटे फळीवरच्या पिठात बोटाने एक ओळ लिहायची आणि कुणी उठायच्या आत कणकेत मळून टाकायची.

ती फळी म्हणजे मीच. हे फक्त मला ठाऊक आहे असं मी समजत होते! पोर कधीतरी लवकर उठली असणार.

तेवढ्यात धूर आला. तीस वर्षांत एकही पाव न करपवलेला अल्लाल हातात पाव काढायचं लांब फावडं धरून ऐकतच राहिला होता.

"जळालं सगळं!" हाज ओरडले. "बंद करा हे!"

"हाज, तुम्ही गप्प बसा." गर्दीतून झुबैदा पुढे आली. वियामचा चेहरा पांढराफटक.

"आत्या, मी..."

"'एक बाई, एक बाई' काय लावलंयस? मला नाव नाही? झुबैदा म्हण. आणि वाच पुढे."

कुणीही घरी गेलं नाही. करपलेलं खरवडून लोकांनी तोच पाव उभ्या उभ्या खाल्ला, हाजांनीसुद्धा, आणि शेवटपर्यंत ऐकलं. खोली पोरींकडेच राहिली.

आता मला चीर गेलीय. पाव नवी फळी नेते. मी लेखनवर्गात असते, झुबैदाच्या मांडीवर. ती माझ्यावर कागद ठेवून लिहिते, पेन्सिल इतकी दाबते की तिची अक्षरं माझ्यावर उमटतात.

मोठ्या माणसांनो, घरातली पोर एकटीच पुटपुटत असेल तर तिला दटावू नका. जरा जवळ जाऊन ऐका. कदाचित ती तुमच्याबद्दलच बोलत असेल.